काड्यांची जुडी आणि उपग्रहातला प्रतापगड

१०.१५. कुलूप काढलं की आधी इन्व्हर्टरचा दिवा बघायचा. हिरवा असेल तर टीव्ही चालेल, लाल असेल तर दिवसाचं नियोजन तिथंच बदलतं. आमची माणदेशातली दोनशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. आज हिरवा आहे.

१०.३०. परिपाठ. राष्ट्रगीत स्पीकरवर लावायची सोय आहे, मी लावत नाही. स्पीकर गायला लागला की पोरं नुसते ओठ हलवतात.

११.००. चौथीला शुद्धलेखन देऊन तिसरीची हातच्याची वजाबाकी. ५२ वजा २७. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की अशा पाठांचे व्हिडिओ मिळतात. पडद्यावर दशकाची जुडी आपोआप सुटते, दहा काड्या टुणकन एककाच्या घरात जाऊन बसतात. पोरं ओरडतात, ‘कळलं सर!’ आणि पाटीवर लिहितात ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच डोक्यात.

म्हणून आधी काड्या. रबर प्रत्येकानं स्वतःच्या बोटांनी काढायचं. जुडी सोडताना एक मुलगी अडली, ‘सर, पण मग दशक चारच राहतील की!’ हे तिच्या तोंडून आल्यावरच मी टीव्ही लावला. आता व्हिडिओ उजळणीसारखा चालला आणि पाट्यांवर २५ दिसू लागले. क्रम उलटा केला की तोच व्हिडिओ निव्वळ करमणूक होतो.

११.५०. पोषण आहाराची पटसंख्या मोबाइलवर भरायची. नेटवर्क पाण्याच्या टाकीपाशी. वर्गाचा वेळ टीव्ही खातो अशी ओरड असते. माझ्या शाळेत तरी तो या नोंदी खातात.

१२.००. चौथीचा शिवछत्रपतींचा इतिहास. इथं मात्र टीव्हीला पर्याय नाही. माळरानावरच्या पोरांना जावळीचं रान कसं सांगणार? उपग्रहाच्या नकाशावर आमच्या गावापासून पश्चिमेला सरकत गेलो. पिवळं, करडं, मग एकदम काळपट हिरवं. प्रतापगड. पण वरून बघताना डोंगर सपाट होतो. एकानं विचारलंच, ‘एवढ्याशा गडाला अफझलखानाची फौज का अडेल?’

१.००. खिचडी.

२.००. वीज गेली, इन्व्हर्टरही संपला. सगळे पटांगणात. दिवाळीत किल्ले करणारी पोरं. माती, दगड, पाणी सांगावं लागलं नाही. मी एवढंच म्हणालो, ‘उंट, हत्ती, तोफा या वाटेनं वर चढवून दाखवा.’ दरी खोल होत गेली, वाट बोटाएवढी उरली, लिंबाच्या डहाळ्यांचं रान दाट झालं. मग शिवराय आणि खान यांची १० नोव्हेंबर १६५९ची भेट पायथ्याशीच का ठरली, यावर जे भांडण जुंपलं, ते मी थांबवलं नाही. तिसरीची पोरंही त्यात घुसली.

३.३०. पाढे. कसलंही यंत्र नको. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ओढायचं.

४.३०. पुन्हा टाकीपाशी. ‘डिजिटल वर्गाचा आजचा फोटो तातडीने पाठवा’ असा निरोप आलेला. मी मातीच्या प्रतापगडाचा पाठवला. लगेच उत्तर: ‘सर, यात टीव्ही दिसत नाही.’