धारचं लोखंड, देवासची माती

धारमध्ये लाट मशिदीपाशी एका लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत. मशीद दिलावर खान घोरीने १४०५ साली बांधली. स्तंभ त्याहून जुना, परंपरेने राजा भोजाचा. तिन्ही तुकडे मिळून लांबी तेरा मीटरांच्या वर, वजन सुमारे सात टन. दिल्लीच्या स्तंभापेक्षा हा बराच लांब, तरी धारच्या स्तंभाची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

शतकानुशतकं पाऊस झेलूनही हे लोखंड टिकलं. पृथक्करणात त्यात सुमारे ०.२८ टक्के फॉस्फरस आढळला. जुन्या भट्ट्यांत चुनखडी घालत नसत, म्हणून तो धातूतच राहिला. पण नुसत्या टक्केवारीवरून लोखंड कसं वाचलं ते समजत नाही; त्यासाठी गंजातली खनिजं ओळखावी लागतात. गोएथाइट आणि लेपिडोक्रोसाइट या गंजातल्या दोन खनिजांचं रासायनिक सूत्र एकच आहे; वेगळी आहे ती अणूंची रचना.

ती रचना एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनात दिसते. नमुना खलात बारीक करून साच्यात दाबतात आणि त्यावर १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरण सोडतात. अणूंच्या थरांमधल्या अंतरानुसार ठरावीक कोनांतच ते जोमाने परततात आणि आलेखावर शिखरं उमटतात. आर. बालसुब्रमण्यम आणि ए. व्ही. रमेश कुमार यांनी २००० साली दिल्लीच्या स्तंभाचा गंज याही पद्धतीने तपासला. त्यात स्फटिकरूप आयर्न हायड्रोजन फॉस्फेट सापडलं. धातूला लगटून बसलेला हा थर पुढचा गंज रोखतो. धारचं लोखंडही फॉस्फरसमुळेच तगलं, असं बालसुब्रमण्यम यांनी पुढे मांडलं.

धार आणि देवासच्या मधे इंदूर. तिथे देवी अहिल्या विद्यापीठाच्या खंडवा रोडवरच्या आवारात यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग) कन्सोर्शियमची प्रयोगशाळा आहे. देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक आपले नमुने अशा तपासणीसाठी घेऊन येतात. एकट्या विभागाला न परवडणारी यंत्रं सर्वांनी मिळून वापरावीत, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. शहरातच राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे. त्याच्या प्रखर क्ष-किरणांना अगदी थोडा नमुना पुरतो. पुरातन वस्तू खरवडायची वेळ आली की याची किंमत कळते.

आता देवासकडची काळी माती घ्या. बेसाल्ट झिजून झालेली, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. तिच्यातली चिकणमाती पाण्यात निवळून वेगळी काढतात आणि काचेवर पसरून वाळवतात. तिच्यात स्मेक्टाइट हे फुगणारं खनिज असेल तर एक्सआरडीत थरांमधलं अंतर साधारण १४ अँगस्ट्रॉम येतं. ग्लायकॉलची वाफ दिली की ते १७ पर्यंत वाढतं, ५५० अंशांना तापवलं की १० वर येतं. केओलिनाइट हे चिकणमातीतलं दुसरं खनिज ग्लायकॉलने फुगतच नाही. शेतातली भेग आणि घराच्या भिंतीला गेलेला तडा, दोन्हींचं मूळ या फुगण्या-आकसण्यात आहे. देवास-धारच्या कॉलेजांतल्या मुलांनी आपापल्या शिवारातली माती घेऊन इंदूरच्या या प्रयोगशाळेत यावं, असं मनापासून वाटतं.