पगार, पत्रं आणि नाताळ

नाताळाची चाहूल लागल्यावर कोणता प्रेमपट पाहावा, या प्रश्नाला अर्न्स्ट लुबिचच्या १९४० सालच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’इतकं समाधानकारक उत्तर दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. कथा साधी आहे. बुडापेस्टमधल्या मातुशेक यांच्या चामडी वस्तूंच्या आणि भेटवस्तूंच्या दुकानात क्रालिक आणि क्लारा नोवाक हे दोन विक्रेते दिवसभर एकमेकांशी भांडतात. हीच दोघं नाव न सांगता एकमेकांना प्रेमपत्रं लिहीत आहेत, याचा दोघांनाही पत्ता नसतो. जेम्स स्टुअर्ट आणि मार्गारेट सुलाव्हन यांनी या भूमिका केल्या. या योगायोगातला गोडवा सगळ्यांनाच आवडतो. पण चित्रपटाची ऊब त्या गोडव्यातून येत नाही. ती येते नोकरी जाण्याच्या भीतीतून. इथली माणसं रस्त्यापासून एका पगाराच्या अंतरावर उभी आहेत, म्हणूनच शेवटी येणारा नाताळ खरा वाटतो.

पटकथेत याचे पुरावे जागोजागी आहेत. क्लारा दुकानात पाऊल टाकते तीच काम मागायला. जागा नाही म्हटल्यावर ती समोरच्या गिऱ्हाइकाला संगीत वाजवणारी सिगारेटची पेटी मिठाईची पेटी म्हणून विकून दाखवते आणि नोकरी मिळवते. क्रालिकने ती पेटी खपणार नाही असं आधीच बजावलेलं असतं, त्यामुळे दोघांच्या वैराची सुरुवातच पोटापाण्याच्या झगड्यातून होते. क्रालिक लग्नाचा विचार करू लागतो तेव्हा संसारी सहकारी पिरोविचला पहिला प्रश्न विचारतो तो घरखर्चाचा. मालक एखाद्या मालाबद्दल प्रामाणिक मत विचारू लागले, की हाच पिरोविच हळूच तिथून पसार होतो. बायकामुलं असलेल्या माणसाला प्रामाणिक मत परवडत नाही. सगळ्यात बोलका पुरावा मधल्या रात्रीचा आहे. ज्या संध्याकाळी क्रालिक आपल्या अनोळखी प्रेयसीला कॅफेत भेटणार असतो, त्याच संध्याकाळी मातुशेक त्याला कामावरून काढतात. आपल्या बायकोचे याच्याशी संबंध आहेत, असा त्यांचा चुकीचा संशय असतो. बेकार झालेला क्रालिक तिच्यासमोर जायलाच कचरतो. खिडकीतून आत डोकावणारा पिरोविच त्याला सांगतो, की लाल फूल आणि ‘अ‍ॅना करेनिना’ घेऊन बसलेली ती मुलगी क्लाराच आहे. पत्रं लिहिणारा आपणच आहोत हे न सांगता क्रालिक आत जातो, आणि ती त्याला क्षुल्लक नोकर म्हणून हिणवते. नेमक्या त्याच दिवशी तो नोकरसुद्धा उरलेला नसतो.

लुबिचला हे जग परकं नव्हतं. बर्लिनमध्ये त्याच्या वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता आणि तरुणपणी त्याने तिथे काम केलं होतं. मूळ नाटक हंगेरियन लेखक मिक्लोश लास्लो याचं, आणि त्यावरून पटकथा रचली सॅमसन राफेलसनने. लास्लो १९३८ मध्ये अमेरिकेत आला, पिरोविच साकारणारा फेलिक्स ब्रेसार्ट नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेला, आणि खुद्द लुबिचचं जर्मन नागरिकत्व १९३५ मध्ये काढून घेतलेलं. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा युरोपात युद्ध पेटलं होतं. त्याचा पडद्यावर उल्लेखही नाही, म्हणून हा पळपुटेपणा आहे, असा आक्षेप घेता येईल. पण डोक्यावरचं छप्पर एका दिवसात कसं जातं हे ज्यांनी भोगलं होतं, त्यांनी एका लहानशा दुकानातली असुरक्षितता इतक्या बारकाईने रंगवावी, हा मला पळ वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्लारा कोण हे कळल्यावर क्रालिक गप्प राहतो, पुढे मॅनेजर म्हणून तिचा वरिष्ठही होतो. मग हे प्रेम बरोबरीचं कसं? विषमता खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र लुबिच ती झाकत नाही. रिकाम्या टपालपेटीत चाचपडणारा क्लाराचा हात आणि त्या पेटीतून दिसणारा तिचा पडलेला चेहरा तो आपल्याला दाखवतो. पत्र न आल्याने ती अंथरूण धरते, तेव्हा क्रालिक तिच्या घरी जातो. आपण लपवलेल्या गोष्टीची किंमत कोण मोजतंय, हे त्याला तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागतं.

तिसरा आक्षेप असा, की नाताळ तर शेवटच्या भागातच येतो; मग हा नाताळचा चित्रपट कसा? उत्तर उशिरा येण्यातच आहे. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानातल्या नोकरांचे पाय जसे दुखतात, तसाच इथला सण आधी काम म्हणून येतो. बायकोचे संबंध दुसऱ्याच नोकराशी, वाडासशी आहेत हे कळल्यावर आत्महत्येला निघालेले आणि पेपी या पोऱ्याने वाचवलेले मातुशेक इस्पितळातून परततात, विक्रमी गल्ला पाहतात, बोनसची पाकिटं वाटतात. मग बर्फात उभं राहून ते जेवणाला सोबत शोधतात. प्रत्येकाला कुठेतरी जायचं असतं. अखेर नव्याने लागलेला, शहरात एकटाच असलेला पोऱ्या रूडी त्यांच्यासोबत जातो. प्रेमिकांचं मीलन याच्यानंतर होतं, हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

याच कथेवरून १९९८ मध्ये नोरा एफ्रनने ‘यू हॅव गॉट मेल’ केला. तिथे पत्रांच्या जागी ईमेल आली, आणि एकाच दुकानातले दोन नोकर जाऊन पुस्तकांच्या दोन दुकानांचे मालक आले. नाताळ मधेच येऊन गेला आणि शेवट बागेत झाला. चित्रपट गोड आहे, पण पगाराची चिंता गेल्याबरोबर सणाची गरजही गेली. लुबिचच्या दुकानात मात्र सण ही गरज आहे: वर्षभर भीतीपोटी एकमेकांशी तुसडेपणाने वागलेल्या माणसांना एक रात्र निर्धास्त होण्याची मुभा. दुसऱ्या दिवशी ती भीती परत येईल, हे चित्रपट विसरत नाही. म्हणूनच त्याने दिलेला आनंद मला खोटा वाटत नाही, आणि सणाच्या तोंडावर पाहण्यासाठी माझी पहिली शिफारस याच चित्रपटाची आहे.