पहिलं गाणं, हजार तबकड्या

आजच्या भागात कर्ज, परतफेड किंवा पापडाचं पॅकिंग हे विषय नाहीत. आज आपण एका गाण्याची गोष्ट समजून घेऊ. गाणं अमेरिकेतलं, इंग्रजी आणि रॉक प्रकारातलं आहे. ते आवडायलाच हवं असं काही नाही. पण चार जणांचा गट, हाताशी थोडे पैसे, पहिलाच माल आणि तो लोकांपर्यंत पोचवायची धडपड, एवढं तर आपल्या चांगल्या ओळखीचं आहे.

ही गोष्ट निवडायला कारण आहे. आमच्या गटांतल्या काही जणी हल्ली स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकतात. कुणाच्या मुलामुलींनी बँड काढला आहे. अशा वेळी कुणीतरी कागद पुढे करतं आणि म्हणतं, "इथे सही करा, बाकी सगळं आम्ही बघतो." त्या सहीत काय काय जातं, हे या गोष्टीतून कळतं.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पूर्वी छोट्या तबकड्या निघायच्या. सात इंचाची तबकडी, मिनिटाला 45 फेरे, एका बाजूला एक गाणं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. अशी तबकडी म्हणजे 'सिंगल'. नव्या बँडला आख्खा अल्बम काढणं परवडत नाही, म्हणून आधी सिंगल काढतात. दुसरा शब्द 'अल्टरनेटिव्ह रॉक'. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. मोठ्या कंपन्या आणि जाहिरातींवर चालणारी मोठी रेडिओ केंद्रं ज्यांना दारात उभं करत नव्हती, अशा बँडचं हे संगीत. त्यांनी छोट्या कंपन्या, छोटी सभागृहं आणि विद्यार्थ्यांचे रेडिओ धरून आपली वाट काढली.

आता आपला गट. जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे 1980 मध्ये चार तरुण एकत्र आले. मायकेल स्टाइप गायचा, पीटर बक गिटार वाजवायचा, माइक मिल्सकडे बेस गिटार आणि बिल बेरीकडे ड्रम. स्टाइप कलाशाखेचा विद्यार्थी, तर बक तबकड्यांच्या दुकानात नोकरीला. पहिला कार्यक्रम त्यांनी 5 एप्रिल 1980 रोजी एका जुन्या चर्चच्या इमारतीत, वाढदिवसाच्या मेजवानीत केला. शब्दकोश उघडून त्यांनी बँडसाठी नाव शोधलं, आर. ई. एम.

या चौघांनी सुरुवातीलाच एक नियम केला. गाण्याची चाल कुणालाही सुचो, शब्द कुणीही लिहो, गीतकार-संगीतकार म्हणून नावं चौघांची लागतील आणि पैशाचे चार सारखे वाटे होतील. निर्णयातही चौघांचा शब्द सारखा. एकाने ठाम नकार दिला, तर ती गोष्ट करायची नाही. आपल्या गटाच्या नियमावलीत बसावा असाच हा नियम आहे. बँडमध्ये बहुतेक भांडणं 'गाणं माझं की तुझं' यावरूनच पेटतात. इथे ते भांडण निघायला जागाच ठेवली नव्हती.

वर्षभर ते दक्षिणेकडच्या गावोगावी छोट्या सभागृहांत वाजवत फिरले. मग ध्वनिमुद्रणाची वेळ आली. फेब्रुवारी 1981 मध्ये स्मर्ना या गावातल्या एका स्टुडिओत त्यांनी काही गाणी मुद्रित केली. स्टुडिओचं नाव होतं बॉम्बे स्टुडिओ! पण तिथलं काम त्यांच्या मनासारखं उतरलं नाही. एप्रिलमध्ये ते शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सेलम इथे मिच ईस्टरकडे गेले. ईस्टरचा 'ड्राइव्ह-इन' स्टुडिओ त्याच्या आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये होता. घरच्या ओसरीवर शिवणयंत्र मांडून व्यवसाय सुरू करावा, तसंच ते.

तिथे 'रेडिओ फ्री यूरोप' हे गाणं तयार झालं. या नावाचं रेडिओ केंद्र खरोखरच होतं. पूर्व यूरोपातल्या कम्युनिस्ट देशांतल्या लोकांसाठी अमेरिकेने 1950 मध्ये ते सुरू केलं. गाण्यातले शब्द मात्र नीट ऐकूच येत नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते पुरते लिहूनही झाले नव्हते, असं स्टाइपने पुढे सांगितलं. तरीही ताल आणि गिटार अशी जमली होती की ऐकणारा थांबायचा. दुसऱ्या बाजूसाठी 'सिटिंग स्टिल' हे गाणं घेतलं.

आधी त्यांनी गाण्यांच्या कॅसेट करून सभागृहांना, कंपन्यांना आणि मासिकांना पाठवल्या. तबकडी काढली अटलांटा शहरातल्या 'हिब-टोन' या छोट्या कंपनीने. ती चालवणारा जॉनी हिबर्ट तेव्हा कायद्याचं शिक्षण घेत होता. तबकडी काढण्याच्या बदल्यात त्या दोन गाण्यांचे प्रकाशनहक्क त्याच्याकडे गेले. त्या काळी अशी अट सर्रास असायची. आपणही पहिल्या ऑर्डरच्या आनंदात किती वेळा अट न वाचता 'चालेल' म्हणतो! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

जुलै 1981 मध्ये तबकडी बाहेर पडली. पहिल्या खेपेत निघाल्या फक्त हजार. त्यातल्या 600 विकल्याच नाहीत, तर प्रसिद्धीसाठी पाठवून दिल्या. हिशेब करा, हजार पुड्यांतल्या सहाशे नमुना म्हणून वाटायच्या. आपल्या बैठकीत असा ठराव आला तर किती जणी हात वर करतील? पण बँडला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा गाणं आधी लोकांच्या कानांवर पडणंच गरजेचं होतं. त्या पहिल्या खेपेवर कंपनीचा पत्ताच छापायचा राहून गेला. तरी तबकड्या संपल्या आणि मागणीमुळे आणखी 6,000 काढाव्या लागल्या. बँडला तबकडीतला आवाज पसंत नव्हता. पीटर बकने वैतागून एक तबकडी फोडली आणि भिंतीवर चिकटवून ठेवली. लोकांनी मात्र गाणं उचलून धरलं होतं. वर्षअखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वर्षातल्या उत्तम दहा सिंगल्सच्या यादीत ते घेतलं.

अशा गाण्यांना कान मिळवून दिले ते मुख्यतः कॉलेजांच्या रेडिओंनी. अमेरिकेत एफएमच्या पट्ट्यातला 88 ते 92 हा सुरुवातीचा भाग नफ्यासाठी न चालणाऱ्या शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथे विद्यार्थी स्वतः बसून गाणी निवडतात. अथेन्सच्या विद्यापीठातही असं केंद्र 1972 पासून आहे. हे गाणं खूप विकलं जाईल का, या प्रश्नावर तिथलं काम अडत नव्हतं. ऐकण्याजोगं वाटलं की लावलं. एका गावच्या विद्यार्थ्यांनी लावलेलं गाणं दुसऱ्या गावचे विद्यार्थी मागवून घेत.

मैत्रिणींनो, तुम्ही आत्ता ऐकताय तो आपला रेडिओही याच जातीचा आहे. भारतात शिक्षणसंस्थांना असा रेडिओ चालवायची मुभा 2002 मध्ये मिळाली आणि 2006 पासून लोकांत काम करणाऱ्या संस्थांनाही ती मिळाली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यातूनच उभी राहिली. तिथे गावातल्या बाईचा आवाज लागायला मोठ्या कंपनीची चिठ्ठी लागत नाही.

आता त्या कागदाकडे येऊ. 1982 मध्ये बँडने 'आय. आर. एस.' या जरा मोठ्या कंपनीशी करार केला. 'मर्मर' नावाचा त्यांचा पहिला अल्बम 1983 मध्ये आला. त्यासाठी 'रेडिओ फ्री यूरोप' पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. पण आपल्याच पहिल्या दोन गाण्यांचे हक्क त्यांना हिबर्टकडून पैसे देऊन परत घ्यावे लागले. हक्क लवकर परत मिळाले, म्हणून निभावलं. गाणं मोठं झाल्यावर तेच महाग पडलं असतं.

म्हणून हक्कांचं गणित नीट समजून घ्या. एका गाण्यात निरनिराळे हक्क असतात. शब्दांचा आणि चालीचा हक्क ज्यांनी ते रचले त्यांचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा पैसे घालून ते करवून घेणाऱ्याचा. गाणारीचाही कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहे. जात्यावरची जुनी ओवी कुणा एकीची नाही, पण तुमच्या आवाजात ती मुद्रित झाली की त्या मुद्रणाला मालक असतो. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी लागतो. कोणता हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात लिहायचं असतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द दिसले, तर बोट तिथेच ठेवा आणि विचारा, "का?"

आमच्या गटांना आम्ही चार गोष्टी सांगतो. पहिली, गाणं करण्याआधीच नावं कुणाची आणि वाटे कसे, हे इतिवृत्तात लिहा. दुसरी, काही प्रती किंवा काही कार्यक्रम ओळख होण्यासाठी मोकळ्या मनाने द्या, पण किती ते ठरवून द्या. तिसरी, प्रत्येक प्रतीवर आणि व्हिडिओखाली गटाचं नाव आणि फोन नंबर घाला. चौथी, करार घरी आणा, बैठकीत मोठ्याने वाचा, जाणत्या वकिलाला दाखवा. 'आजच सही हवी' म्हणणाऱ्याला उद्याची वेळ द्या.

त्या चौघांचं पुढे काय झालं? बिल बेरीने 1997 मध्ये बँड सोडला आणि 2011 मध्ये बँड थांबला. पण जून 2024 मध्ये अमेरिकेतल्या गीतकारांच्या सन्मानसोहळ्यात चौघांचा एकत्र गौरव झाला, आणि त्या रात्री चौघे पुन्हा एकत्र वाजले. ती पहिली हजारांची तबकडी आता अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या 2009 च्या यादीत आहे.

पुढच्या मासिक बैठकीत बचत आणि परतफेड झाली की दहा मिनिटं या विषयाला ठेवा. गटात कोण गातं, कोण रचतं, त्यांची नावं वहीत लिहून काढा. आपल्या केंद्रावर ती गाणी लावायला वेळ राखलेला आहे.