ट्रकच्या पाण्यात हवा आली कोठून?

घाटात रस्त्याच्या कडेला थांबलेला ट्रक आपण नेहमी पाहतो. रेडिएटरमधून वाफ येत असते आणि क्लीनर पाण्याचा डबा घेऊन उभा असतो. इंजिन निवते, पाणी भरले जाते, ट्रक निघतो. आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच! असे का व्हावे? पुष्कळदा खरी अडचण पाण्यात शिरलेल्या हवेची असते. ती कोठून आली हे शोधल्याशिवाय नुसते पाणी ओतणे म्हणजे तापाचे कारण न पाहता कपाळावर पट्ट्या ठेवणे होय.

प्रथम हवेने काय बिघडते ते पाहू. डिझेलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने चौथा हिस्सा इंजिनाभोवती खेळणारे पाणी, म्हणजे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, रेडिएटरकडे वाहून नेते. एक लिटर पाणी १ अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घ्यायला सुमारे ३५०० लिटर हवा लागेल! म्हणून सिलिंडरच्या माथ्याजवळ हवेचा मोठा बुडबुडा अडकला, तर तेथील धातू बेसुमार तापतो, प्रसंगी त्याला तडा जातो. तापमापकाचे टोक नेमके त्या बुडबुड्यात असेल, तर काटा 'सर्व ठीक' असेही दाखवील.

मग हवा ओळखायची कशी? आवाजावरून. पाण्यातील बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावतो आणि नाद करतो. डच शास्त्रज्ञ मिनार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवले, की बुडबुडा जितका मोठा तितका स्वर खालचा. ३ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ११०० असते. नळ्यांतून येणारी गुडगुड ही हवेची खूण. चहाचे आधण उकळण्याआधी जसे कुजबुजते तसा आवाज आला, तर कोठेतरी पाणी स्थानिक पातळीवर उकळते आहे. पंपाजवळची कोरडी घरघर मात्र बेअरिंगची आणि तीक्ष्ण किंचाळी बहुधा सैल पट्ट्याची. त्यांचा हवेशी संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. हवा येण्याच्या वाटा मुख्यतः चार. पहिली, पाणी बदलताना आत अडकून राहिलेली हवा. दुसरी, पंपाच्या ओढीच्या बाजूची सैल नळी. येथे दाब कमी असल्याने पाणी न गळताही हवा आत ओढली जाऊ शकते. तिसरी, हेड गॅस्केट फाटून शिरणारा ज्वलनाचा वायू. चौथी वाट ट्रकची खास आहे. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ती हवा पुरवणारा कॉम्प्रेसर अनेक ट्रकांत इंजिनाच्याच पाण्याने थंड केला जातो. त्याचे गॅस्केट गेले, की ब्रेकसाठीची हवा पाण्यात येते.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावी. झाकणामुळे आत सुमारे १ वातावरण इतका जादा दाब राहत असेल, तर साधे पाणीदेखील १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले, की दाब एकदम उतरतो आणि उकळते पाणी उसळून अंगावर येते.

थंड इंजिनाचे झाकण काढून इंजिन सुरू करावे आणि पाणी तापण्याआधीच पृष्ठभाग पाहावा. बुडबुडे थोड्या वेळात संपले, तर ती अडकलेली हवा. ती काढून टाकून पातळी भरली की काम झाले. बुडबुडे थांबतच नाहीत असे दिसले, तर पाण्यावरचा वायू गॅरेजमधील निळ्या द्रवातून ओढून पाहतात. कार्बन डायऑक्साइडने द्रव पिवळसर झाला, तर दोष हेड गॅस्केटचा किंवा तडकलेल्या हेडचा. रंग बदलला नाही, तर कॉम्प्रेसरवर संशय घ्यावा. ब्रेकची टाकी भरली, की कॉम्प्रेसर हवा दाबायचे थांबतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले, आणि चाकांखाली ठोकळे लावून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून टाकी उतरवल्यावर ते परत आले, तर चोर सापडला! ब्रेकचाही फरक पडला नाही, तर ओढीच्या बाजूच्या नळ्या व पट्ट्या तपासायच्या.

वर्गात हेच तर्कशास्त्र सहज दाखवता येईल. दोन परीक्षानळ्यांत चुन्याची निवळी घ्या. एकीत सायकलच्या पंपाने हवा सोडा, दुसरीत नळीने अलगद फुंका (निवळी तोंडात ओढू नये). दोन्हीकडचे बुडबुडे सारखेच दिसतात, पण फुंकलेली निवळी लवकर दुधाळ होते. विद्यार्थ्यांना विचारा: यातला हेड गॅस्केट कोणता आणि कॉम्प्रेसर कोणता?

दिसणे सारखे, कारणे वेगळी, आणि प्रत्येक कारणाला एकेक नेमकी कसोटी. निदान म्हणजे हेच. कसोटी न लावता इंजिन खोलले, तर मालकाचे पैसे आणि चालकाचे दिवस वाया जातात, आणि बिघडलेला कॉम्प्रेसर मात्र जागेवरच राहतो.