लेझरने मोजलेला वारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरोपीय अवकाश संस्थेचा ‘एओलस’ उपग्रह २२ ऑगस्ट २०१८ रोजी झेपावला. अवकाशातून लेझर सोडून वाऱ्याचा वेग मोजणारा हा पहिलाच उपग्रह. त्याच्या कामाबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: हवेत ढग किंवा धूळ असेल तरच लेझरला वारा कळतो.
वस्तुस्थिती: निरभ्र हवेचे रेणूही प्रकाश विखुरतात आणि तरंगलांबी जितकी कमी, तितका तो अधिक विखुरतो. म्हणूनच एओलसने ३५५ नॅनोमीटरचे अतिनील किरण वापरले. हवा सरकत असेल तर परतलेल्या प्रकाशाची वारंवारता बदलते. सेकंदाला १ मीटर वेगाच्या वाऱ्याने हा बदल जेमतेम १५ कोटींत एक भाग इतका होतो. प्रकाश परतायला किती वेळ लागला, त्यावरून उंची ठरते. अशा रीतीने जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटरपर्यंतचा वारा थराथराने मोजला गेला.

गैरसमज: उपग्रहचित्रांत ढग सरकताना दिसतातच, मग लेझर कशाला?
वस्तुस्थिती: ढगांवरून फक्त त्या थरातला वारा कळतो आणि ढगाची उंचीही अदमासानेच धरावी लागते. हवामान फुगे उंचीवार वारा सांगतात, पण ते बहुतेक जमिनीवरून सोडले जातात. महासागरांवरचे आकाश रितेच राहते.

गैरसमज: लेझर ढगांच्या आरपार जातो.
वस्तुस्थिती: विरळ ढगांतून काही प्रकाश खाली उतरतो. पावसाळी दाट ढगांच्या माथ्यावरून मात्र तो परततो. खालचा वारा मोजता येत नाही.

गैरसमज: एका किरणात वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही मिळतात.
वस्तुस्थिती: किरणाच्या रेषेत येणारा वाऱ्याचा घटक तेवढा मिळतो. एओलस तिरका पाहत असे. ध्रुवीय भाग सोडले तर त्याला मुख्यतः पूर्व-पश्चिम वारा कळे.

गैरसमज: लेझर क्षीण झाला, पुढे उपग्रहही जळाला, म्हणजे प्रयोग फसला.
वस्तुस्थिती: पहिल्या लेझरची शक्ती घटली, तेव्हा जून २०१९मध्ये दुसरा सुरू केला. जानेवारी २०२०पासून युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने या नोंदी रोजच्या अंदाजांत घेतल्या. सुमारे तीन वर्षांसाठी बांधलेला उपग्रह साडेचार वर्षांहून अधिक चालला; २८ जुलै २०२३ रोजी त्याला ठरवून वातावरणात उतरवण्यात आले. त्याचा मोठा लाभ उष्ण कटिबंधातल्या अंदाजांना झाला. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम क्षीण असल्याने हवेच्या दाबावरून वारा नीट काढता येत नाही. तिथे तो प्रत्यक्षच मोजावा लागतो.