कवयित्री एलिझाबेथ जेनिंग्ज : व्याधी आणि श्रद्धा

विसाव्या शतकातील इंग्लंडात ज्या थोड्या स्त्रियांनी कॅथोलिक श्रद्धेला काव्यरूप दिले, त्यांत एलिझाबेथ जेनिंग्ज यांचे नाव आदराने घ्यावे लागते. प्रिय वाचकहो, त्यांचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्यास एक विशेष कारण आहे. मनाचा आजार म्हणजे श्रद्धेची उणीव, किंवा देवाची शिक्षा, अशी समजूत अजूनही अनेक घरांत आढळते. या भाविक स्त्रीच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे ती समजूत किती चुकीची आहे हे ध्यानी येते.

एलिझाबेथ यांचा जन्म १८ जुलै १९२६ रोजी लिंकनशायर परगण्यातील बॉस्टन या गावी, एका कॅथोलिक कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. मुलगी सहा वर्षांची असताना हे कुटुंब ऑक्सफर्डला राहावयास आले, आणि त्या विद्यानगरीशी जडलेले त्यांचे नाते जन्मभर टिकले. तेथील सेंट ॲन्स कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्ययन केले. पुढे १९५० ते १९५८ या काळात त्या ऑक्सफर्डच्या नगर-ग्रंथालयात नोकरी करीत होत्या. पोटासाठी ग्रंथालयाचे काम आणि उरल्या वेळात काव्यलेखन, असा त्यांचा क्रम होता.

१९५३ साली पहिला संग्रह निघाला. १९५५ च्या 'अ वे ऑफ लुकिंग' या दुसऱ्या संग्रहास सॉमरसेट मॉम पारितोषिक लाभले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'न्यू लाइन्स' या गाजलेल्या काव्यसंग्रहात नऊ कवींच्या रचना होत्या. फिलिप लार्किन, किंग्जली एमिस, टॉम गन अशा कवींच्या त्या मेळ्यात जेनिंग्जबाई एकट्याच स्त्री होत्या. साधे शब्द, रेखीव छंद आणि भावनेचा संयम हे त्यांच्या कवितेचे गुण होत.

मॉम पारितोषिकाची रक्कम परदेशप्रवासासाठी असते. त्या आधारे १९५७ साली जेनिंग्जबाई तीन महिने रोम शहरी राहिल्या. लहानपणापासून धर्म म्हणजे नियम आणि भय असेच त्यांच्या मनावर ठसले होते. पापनिवेदनाची तर त्यांना धास्ती वाटे. रोममध्ये मात्र एका डोमिनिकन धर्मगुरूंच्या सहवासात त्यांना क्षमाशील परमेश्वराची ओळख पटली. ते दिवस आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे होते, असे त्या पुढे सांगत.

१९६१ हे वर्ष त्यांच्या लेखनाला मोठ्या बहराचे गेले. संत अगस्तीन, आविलाची संत तेरेजा, क्रूसभक्त संत योहान अशा ईश्वरानुभव घेतलेल्या लेखकांवरील त्यांचा 'एव्हरी चेंजिंग शेप' हा ग्रंथ त्याच वर्षी निघाला. मायकेलँजेलोच्या सुनीतांचे त्यांनी केलेले भाषांतरही त्याच वर्षीचे.

आणि त्यानंतर थोड्याच काळात मनाच्या व्याधीने त्यांना गाठले. मनोरुग्णांच्या इस्पितळात त्यांना राहावे लागले. जीव नकोसा होऊन तो संपविण्याचा प्रयत्नही त्यांच्या हातून घडला. रोमला ज्या स्त्रीच्या श्रद्धेला नवे बळ आले, तिच्यावरच हा प्रसंग ओढवला, हे आपण विसरू नये. जेनिंग्जबाईंनी आपले दुखणे लपविले नाही. इस्पितळातील परिचारिका, सोबतचे रुग्ण, रात्रीची भीती, या साऱ्यांना त्यांनी कवितेत स्थान दिले. 'रिकव्हरीज' (१९६४) आणि 'द माइंड हॅज माउंटन्स' (१९६६) हे संग्रह त्या अनुभवातून जन्मले. दुसऱ्या संग्रहाचे नाव त्यांनी जेझुइट कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांच्या एका सुनीतातून घेतले होते. निराशेच्या काळोखातून गेलेल्या त्या धर्मगुरूंचा त्यांना आधार वाटला असला पाहिजे.

उतारवयात पैशाची चणचण कायमच राहिली. १९८७ साली डब्ल्यू. एच. स्मिथ पारितोषिक मिळाले. १९९२ साली सी. बी. ई. हा किताब स्वीकारण्यास त्या साध्या, जुनाट वेषात राजवाड्यात गेल्या, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्यांच्या कपड्यांची थट्टा केली. त्यांनी लेखन सोडले नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. २६ ऑक्टोबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत त्या चिरविश्रांती घेत आहेत.

वाचकहो, आपल्या गावांतूनही अशी माणसे आहेत. कुणाची झोप उडते, कुणी जेवण टाकते, कुणी दिवसचे दिवस कोपऱ्यात बसून राहते. घरचे लोक लाजेपोटी ही गोष्ट दडवितात, मुलीच्या लग्नाची चिंता करतात, आणि शेजारी बाहेरच्या बाधेची कुजबुज करतात. ताप आल्यास आपण डॉक्टरकडे जातो, तसेच येथेही जावे. प्रार्थना आणि संस्कार यांनी जीवाला धीर येतो, पण त्यासाठी औषध बंद करू नये. १९९२ च्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही म्हटले आहे की, ज्याने स्वतःचा जीव घेतला त्याच्या कृत्याची जबाबदारी गंभीर मनोव्याधीमुळे कमी होऊ शकते, आणि अशा आत्म्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

येत्या रविवारी मिस्सानंतर अशा एखाद्या घरी जाऊन यावे. उपदेश करू नये, कारणे विचारू नयेत. घटकाभर जवळ बसावे, आणि इस्पितळात जावयाचे असेल तर सोबत जावे. त्या दुःखी जीवाला तेवढ्याने पुष्कळ बळ येईल.