रोव्हर घेण्याआधी निविदा शेवटाकडून वाचा

सरकारी मोजणीचे काम मिळवायला निघालेला माणूस पहिला फोन करतो तो यंत्रविक्रेत्याला. दहा मिनिटांत माहितीपत्रक येते. त्यात हजारावर चॅनेल, सगळ्या देशांचे उपग्रह आणि ठळक अक्षरांत ‘८ मिमी + १ पीपीएम आरएमएस’. यातले काही खोटे नसते, तरी निर्णय त्यावर घेऊ नये. आधी निविदेची शेवटची पाने उघडावीत. काम संपल्यावर काय सुपूर्द करायचे, ते तिथे असते आणि यंत्र त्यावरूनच ठरते.

माहितीपत्रकातला तो आकडा नीट वाचू. ८ मिलिमीटर ही सुरुवातीची चूक. पुढचा ‘१ पीपीएम’ म्हणजे संदर्भकेंद्रापासूनच्या दर किलोमीटरमागे आणखी १ मिलिमीटर. केंद्र २० किलोमीटरवर असेल तर झाले २८. आरएमएसचा अर्थ असा, की साधारण तीनपैकी एक वाचन याहूनही बाहेर पडू शकते. उंचीतली चूक जवळजवळ दुप्पट धरावी. आणि हे सगळे मोकळ्या आभाळाखाली.

आता शेतात चला. हद्द मोजायची म्हणजे बांधावर उभे राहायचे आणि झाडे नेमकी बांधावरच असतात. बाभळीखाली किंवा वाढलेल्या उसाच्या कडेला उपग्रहाचा संदेश पानांत अडतो, कुठेतरी आपटून वाकडा येतो. रोव्हर, म्हणजे पोलवर घेऊन फिरायचा रिसीव्हर, सेंटिमीटरपर्यंत पोचतो तो उपग्रहापासून आपल्यापर्यंत किती पूर्ण लहरी आल्या हे मोजून. जीपीएसच्या एल१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. ही मोजदाद पक्की झाली की पडद्यावर ‘फिक्स’ येते, तोवर ‘फ्लोट’. झाडाखाली एखादी लहर कमीजास्त मोजूनही ‘फिक्स’ दिसू शकते. हा खोटा फिक्स फ्लोटपेक्षा वाईट, कारण फ्लोटवर निदान कोणी विसंबत नाही. म्हणून चॅनेलच्या संख्येपेक्षा एल१, एल२ आणि एल५ या तिन्ही लहरी रिसीव्हर घेतो का, हे विचारावे. निविदेत ‘नाविक’ मागितले असेल तर एल५ लागतेच.

दोन मीटरचा पोल एक अंश कलला तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते. कललेल्या पोलचा हिशेब आपोआप करणारे यंत्र महाग पडते. पण घराच्या भिंतीच्या कोपऱ्याशी पोल सरळ धरताच येत नाही. गावठाणाचे काम असेल तर ते पैसे वसूल होतात. उघड्या माळावर साधा बुडबुडा पुरतो.

उपग्रहाच्या वाचनातली चूक काढणारी दुरुस्ती संदर्भकेंद्राकडून येते. ती कुठून घ्यायची, हा पुढचा आणि खर्चाचा खरा प्रश्न. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कॉर्स, म्हणजे कायम चालू असणारी संदर्भकेंद्रे, उभारली आहेत. त्यांची दुरुस्ती मोबाइलच्या इंटरनेटवरून थेट रोव्हरला मिळते, त्यामुळे बेस, म्हणजे स्वतःचे संदर्भयंत्र, घ्यावा लागत नाही. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जमिनीवरच्या केंद्रांची ही सोय भारतीय संस्थांपुरतीच आहे. परदेशी भागीदार असेल तर हे आधीच तपासावे. मात्र मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या दरीत मोबाइलला रेंज नसली की कॉर्स असून नसल्यासारखे. तिथे बेस आणि रोव्हर अशी जोडी हवी, बेस ज्ञात बिंदूवर हवा आणि रेडिओचा परवाना कोणी काढायचा हे लेखी हवे. बेस चुकीच्या बिंदूवर बसवला तर सगळा नकाशाच उचलून बाजूला जातो. आतल्या आत मापे इतकी जुळतात की कोणाला संशयही येत नाही.

निर्देशांकही बघा. यूटीएम पद्धतीत ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा आणि पूर्वेला ४४ वा. अमरावती शहर पहिल्यात, नागपूर दुसऱ्यात. यवतमाळ जिल्हा तर दोन्हींत विभागला आहे. उंचीचा घोळ याहून मोठा. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रालगत उभे राहिले तरी उपग्रहयंत्र उंची शून्याखाली पन्नास मीटरपेक्षाही जास्त दाखवते, कारण ते समुद्रसपाटीपासून नव्हे तर पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजते. कालव्याचे किंवा रस्त्याचे काम असेल तर जिऑइड मॉडेल चालवणारे सॉफ्टवेअर आणि जवळचा बेंचमार्क, दोन्ही हवेत.

हद्दीच्या कामात एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. जुन्या टिपणातली मापे साखळी-आण्यांत आहेत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा सुमारे दोन फुटांचा. ज्या नोंदीचा आणाच दोन फुटांचा, तिच्यातून सेंटिमीटरची हद्द कोणतेही यंत्र काढून देत नाही. आधी जागेवरचे जुने हद्दीचे दगड, बुरूज शोधावे लागतात, त्यांच्यावर टिपण आणि गाव नकाशा बसवावा लागतो आणि मग रोव्हर बाकीचे बिंदू झपाट्याने दाखवतो. त्यामुळे अशा कामात आणखी महाग रिसीव्हर घेण्यापेक्षा जुना नकाशा नीट बसवून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणि जागेवर बिंदू शोधून देणाऱ्या कंट्रोलरवर खर्च करावा. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत भूमी अभिलेख कार्यालयच देणार. ठेकेदाराचा डेटा त्यांच्या प्रणालीत उघडला नाही तर बिल अडकते. कच्चा डेटा रायनेक्स स्वरूपात मागितला आहे का, तेही शेवटच्या पानांतच सापडते. काही स्वस्त यंत्रे तो देतच नाहीत.

सरकारी खात्याला यंत्रेच पुरवायची असतील तर नियम वेगळे. ‘मेक इन इंडिया’च्या खरेदी आदेशात किमान ५० टक्के स्थानिक घटक असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात धरला जातो, २० ते ५० टक्के असलेला दुसऱ्या. शिवाय जुलै २०२० पासून भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांना आधी नोंदणी करावी लागते. यंत्र कुठे बनले याचा कागद बोली लावण्यापूर्वीच हातात असावा.

आणि पैसे देण्यापूर्वी यंत्र दुकानाच्या गच्चीवर नव्हे, आपल्या कामाच्या तालुक्यात चालवून बघावे. एक ज्ञात बिंदू मोकळ्यावर, एक झाडाखाली. फिक्स घ्यावा, वाचन नोंदवावे, रिसीव्हर बंद करून पुन्हा चालू करावा, नव्या फिक्सवर तोच बिंदू परत मोजावा. तासाभराने, उपग्रह सरकल्यावर, आणखी एकदा. झाडाखालची तिन्ही वाचने निविदेतल्या मर्यादेत बसत नसतील, तर विक्रेत्याला त्या बाभळीपाशीच उभे करून कारण विचारावे.